मधे आई होती

मंगळवार, २४ जून

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

इकडे सगळं ठीक. पाणी वेळेवर येतं, घरमालकीण फारशी कटकट करत नाही, माझं वजन थोडं वाढलंय. तुमचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही नेहमी आईकरवी विचारायचात, "ही पोरगी दिवसभर करते तरी काय?" आई गेली आणि उत्तर राहूनच गेलं, म्हणून आज सांगते. आमच्याकडे एका दणकट कॉम्प्युटरच्या पोटात वीस-पंचवीस कॉम्प्युटर नांदतात. ते नुसते सॉफ्टवेअरचे, पण प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र. नेटवर्कचं कार्ड मात्र सगळ्यांत एकच. येणारा-जाणारा प्रत्येक निरोप मधलं एक सॉफ्टवेअर घेतं, बघतं, ज्याचा त्याला देतं. गर्दी झाली की तिथेच तुंबतं. मी त्या कार्डाचेच वाटे करून देते, ज्याचा वाटा त्याला थेट. मधल्याला वगळलं की वेग असा वाढतो की बघत राहावं.

आपल्या घरात मधे आई होती. तुम्ही मागून ओरडायचात, "अक्कल गहाण ठेवलीय का म्हणावं!" ते मला फोनवर स्वच्छ ऐकू यायचं. आई म्हणायची, "बाबा म्हणतात, जपून राहा." माझ्या फणकाऱ्याचंही तिनं तिकडे असंच काहीतरी केलं असणार. आता आपला फोन थेट लागतो. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." की फोन ठेवतो.

मागच्या आठवड्यात माझी फजिती झाली. एका सर्व्हरचा पंखा बिघडला, म्हणून त्याच्या पोटातला एक चालू कॉम्प्युटर दुसरीकडे हलवायचा होता. एरवी हे असं होतं की वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हा जागचा हलेना. मीच त्याला कार्डाला थेट बांधला होता, आणि तसा बांधलेला चालू असताना हलत नाही, हे वेगाच्या नादात विसरले. साहेब म्हणाले, "आता घे त्याला पुन्हा मधल्या रस्त्यावर." तसंच केलं. आधी जुना संथ रस्ता जोडला, मग त्याला कार्डापासून सोडवला, हलवला, आणि तिकडच्या कार्डाचा वाटा दिला. काही बंद पडलं नाही.

शेजारच्या काकूंचा फोन आला होता. तुम्ही एकदाच रांधता आणि तेच दोन्ही वेळा खाता म्हणे. उरलेला वेळ सुतारकामाच्या टेबलापाशी बसून असता, करवतीला हातही न लावता. काकू म्हणाल्या, "मी विचारू का त्यांना, लेकीकडे जाता का म्हणून?" त्यांनी गोड शब्दांत विचारलं असतं. मी नको म्हटलं. मीच विचारते.

बाबा, माझ्याकडे राहायला या. टेबल तुम्ही जमिनीत बोल्ट मारून बसवलंय, ते राहू दे तिथेच. घराची किल्ली तुमच्याच खिशात ठेवा. आधी महिनाभर या, नाही रमलात तर मी स्वतः पोचवायला येईन. तुमची काळजी वाटते म्हणून बोलावतेय, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. मला इथे फार एकटं वाटतं. संध्याकाळी कुलूप उघडताना आत कुणीतरी असावंसं वाटतं, खेकसणारं असलं तरी चालेल.

उत्तर चिडून दिलंत तरी मलाच द्या. जसं म्हणाल तसंच ऐकेन.

खोलीत खुर्च्या दोन आहेत. दुसरीवर कपड्यांचा ढीग असायचा, तो आज आवरला.

तुमची मुलगी