उजव्या पंखाचा व्हॉल्व्ह

ता. ७ नोव्हेंबर

ती. काकांस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. हाताला अजून डिझेलचा वास येतोय आणि खरं सांगायचं तर तो जाऊ नये असंच वाटतंय. आल्या आल्या वर्कशॉपच्या मालकांना सांगितलं, की आमच्या काकांच्या फवारणी यंत्राचे जुने हातदांडे काढून विजेवर चालणारे तीन व्हॉल्व्ह मी एकटीने बसवले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, हंगामभर नीट चालू दे, मग असली सगळी कामं तुझ्याकडे. म्हणजे काका, परीक्षा माझी आणि पेपर तुम्ही लिहायचा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काकू निरोप सांगताना निम्मा गिळते, म्हणून सगळं इथेच लिहिते. ट्रॅक्टरच्या सीटजवळच्या पेटीत तीन बटणं आहेत, डावीकडे उघडणाऱ्या फवारनळ्यांच्या पंखाचं, मधल्या भागाचं आणि तशाच उजव्या पंखाचं. बटण दाबलं की व्हॉल्व्हमधली छोटी मोटर फिरते आणि तेवढ्या भागाचं पाणी थांबतं. मागे वळून दांडा ओढायला नको, खांद्याची कुरकुर नको. औषध भरण्याआधी मात्र नुसत्या पाण्यावर चालवून बघा. काम झालं की चांगलं पाणी फिरवा, औषध आत सुकलं तर व्हॉल्व्ह अडकून बसतो. आणि धुताना प्लगांवर पाण्याचा झोत मारू नका. तुमचा धुण्याचा उत्साह मला माहीत आहे.

तळ्याच्या कडेने जाताना उजवा पंख बंद झालाच पाहिजे. मासेवाल्या शेजाऱ्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

काकूला नमस्कार. माया आहे तेवढी राहू द्या, वाढली तर उत्तमच.

तुमची ठिणगी

&nbsp;

ता. १२ नोव्हेंबर

चि. ठिणगीस, अनेक उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी यंत्रावरच बसलो होतो. अंगणात उभ्या उभ्या तिन्ही बटणं दाबून पाहिली. मला आवाज येत नाही, पण व्हॉल्व्हवर हात ठेवला की आतली मोटर फिरताना कळते, मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी. मी इतका खूश झालो, की तुझी काकू खिडकीतून म्हणाली, सवतीचं कौतुक पुरे, जेवायला या.

मग शेतात गेलो. पंख उघडले, नुसत्या पाण्यावर निघालो, आणि तळ्यापाशी उजवं बटण दाबलं तर पाणी थांबेना. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सगळा पंख तळ्यावर रिकामा झाला. माशांना वाटलं खाणं आलं, सगळे वर येऊन तोंडं उघडून बसले. शेजारी हसले, पण मला हसू आलं नाही. त्या टाकीत औषध असतं तर काय झालं असतं. पंख मिटून यंत्र अंगणात आणलं, तर लेकाचा व्हॉल्व्ह शहाण्यासारखा बंद झाला. शेतात नेलं की पुन्हा हट्ट.

इकडे ढगाळ हवा आहे. ओढ्यापलीकडच्या बटाट्यावर करपा दिसलाय, आपल्यावर यायला वेळ लागणार नाही. त्यात बटाट्याच्या व्यापाऱ्याने आपलं शेत कसायला मागितलंय. बावीस तारखेला, रविवारी, उत्तराला येणार आहे. काकू म्हणते, तुमचा खांदा गेला, कान गेले, आता देऊन टाका. मी तिला म्हणालो, ठिणगीचं उत्तर येईपर्यंत थांब. ती थांबलीय, पण तोंड फिरवून.

उत्तर उलट टपाली दे. तुला आठवून रोज आशीर्वाद देणारा,

काका

&nbsp;

ता. १४ नोव्हेंबर

ती. काकांस, सा. न. वि. वि.

पत्र दारातच उभं राहून वाचलं, चप्पलही काढली नाही. काका, तुम्हीच अर्धं कोडं सोडवलंय. अंगणात चालतं आणि शेतात नाही, तर फरक कशाचा? अंगणात पंख मिटलेला असतो, शेतात उघडा. आणि या व्हॉल्व्हची वीज गेली, की तो असेल तिथेच थांबतो. उघडा असला तर उघडाच. म्हणून मला व्हॉल्व्हपेक्षा वायरीचा संशय आहे.

असं करा. इंजिन बंद, पंप बंद, फक्त किल्ली फिरवून बॅटरी चालू. पेटीच्या झाकणामागे मी एक छोटा दिवा ठेवलाय. उजव्या व्हॉल्व्हचा प्लग काढून त्यात तो दिवा लावा. काकूला सीटवर बसवा, तिने बटण दाबायचं. पंख मिटलेला असताना दिवा लागतो का बघा, मग पंख हळूहळू उघडा. दिवा विझला तर वायर तुटलीय. लागलेलाच राहिला, तर दोष व्हॉल्व्हचा, मग तो खोलावा लागेल.

मला रात्रभर झोप येणार नाही. व्हॉल्व्हवर रागावलात तरी माझ्यावर नको.

तुमची ठिणगी

&nbsp;

ता. १७ नोव्हेंबर

चि. ठिणगीस, अनेक उ. आ.

विझला. पंख उघडत गेलो आणि अर्ध्यावर दिवा पट्कन विझला. मिटला की पुन्हा लागला. मी तिथेच ओरडलो म्हणे, मला काही ऐकू आलं नाही.

वायरीवरून बोट फिरवत गेलो. पंखाच्या सांध्याशी ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली, आणि वरून धड असली तरी आतून तांबं तुटलेलं. बाईसाहेब, तुम्ही पंख मिटलेला असताना वायर बांधलीत. तो उघडल्यावर तिला जास्त लांबी लागेल हे तुमच्या लक्षात आलं नाही. मी रागावलेलो नाही. पण तुझ्या मालकांना हे मीच सांगणार, त्याची मजा मी सोडणार नाही.

पंख ओढताना खांदा मात्र भरून आला, हात कानापर्यंत जात नाही. आणि एक नवल ऐक. काकू काम झाल्यावरही सीटवरून उतरेना. हे बटण कशाचं, ते कशाचं, वळताना आधी कुठलं दाबायचं, विचारत बसली. मी म्हटलं, आमटी करपेल. म्हणाली, करपू दे.

लांब वायर पाठव, आणि लवकर. तुझाच,

काका

&nbsp;

ता. १८ नोव्हेंबर

ती. काकांस, सा. न. वि. वि.

चूक कबूल. मालकांना मीच आधी सांगून टाकली, तुमची मजा गेली. ते म्हणाले, सांध्यापाशी प्रत्येकाची पहिली वायर तुटते, दुसरी तुटली तर बघू.

सोबत नवी वायर, दोन्ही टोकांना प्लग लावूनच पाठवतेय. नुसती जोडायची. सांध्याशी सैल वळसा सोडा, आणि पंख पूर्ण उघडूनच बांधा. मला यावंसं फार वाटतंय, पण मालक बाहेरगावी निघालेत आणि वर्कशॉप माझ्या भरवशावर आहे. खांदा शेकत जा. लोभाला ताण पडू देऊ नका.

तुमची ठिणगी

&nbsp;

ता. २३ नोव्हेंबर

चि. ठिणगीस, काकूचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या काकांना पेन धरवत नाही, म्हणून मी लिहिते. आणि त्यांना धरवलं असतं तरी हे मीच लिहिलं असतं.

वायर शुक्रवारी आली. पंख उघडून बांधली, पाण्यावर पाहिलं, तिन्ही भाग शिस्तीत बंद झाले. शनिवारी सकाळी आपल्या पानांवर करप्याचे पहिले डाग दिसले. वारा पडलेला होता, फवारायला तेवढीच वेळ. औषध कालवून टाकी भरली आणि हे चढायला गेले, तर उजवा हात वरच जाईना. तिथेच पायरीला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, सरका.

ट्रॅक्टर मी माहेरी चालवायची, हे तुला कुणी सांगितलं नसेल. हातदांडे मला कधी ओढवले नाहीत म्हणून मी या यंत्रापासून लांब राहिले. बटणं काय, मिक्सरला पण असतात. पहिल्या ओळीला मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. दुसरीला मी घाम पुसला. तिसरीला मी गुणगुणत होते, असं शेजारी सांगतात.

तळ्याच्या बांधावर यांनी वर्तमानपत्राचे कागद दगडांखाली अंथरले होते, थेंब पडला तर दिसावा म्हणून. स्वतः बांधाच्या टोकाला डावा हात वर करून उभे. हात खाली आला, मी बटण दाबलं. मागे बघायचा धीर होईना. बांध संपल्यावर मी उतरून धावतच गेले. एक एक कागद उचलून बघितला, सगळे कोरडे. शेजाऱ्यांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरचं फडकं काढलं. तुझे काका जवळ आले. माझ्या चेहऱ्याला लागलेला चिखल तेवढा त्यांनी पुसला.

रविवारी व्यापारी आला. मी टाकी धूत होते, प्लग जपून. त्याने विचारलं, मालक कुठे आहेत. मी म्हटलं, मालक आत चहा करतायत, काय ते माझ्याशी बोला. शेत आम्हीच कसणार, एवढं सांगून त्याला तोच चहा पाजून पाठवला.

करपा पसरलेला नाही. पुढच्या फवारणीला तू ये, डाव्या पंखाच्या सांध्याचीही वायर मला जरा ताणलेली वाटते. काल संध्याकाळी तुझे काका जवळ येऊन बसले आणि हळूच विचारलं, खांदा बरा झाला की मला एखादी ओळ मारायला देशील का. बघू म्हटलंय.

घरच्यांना जपून राहायला सांग, आणि आमच्यावर जीव लावलास तसा लावून ठेव.

तुझी काकू