दर तासाची हजेरी

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तो स्वीकारण्याआधी चार आकडे मोजत श्वास घे, चार मोजत सोड, आणि मग पुढे वाच (तूच शिकवलंस, म्हणून तुझ्यावरच प्रयोग). तुझी तब्येत उत्तम असणार यात शंका नाही, कारण कोमट पाणी आणि अनवाणी चालणं यांच्या फोटोंत तू दिवसेंदिवस तरुण दिसतो आहेस. वहिनीच्या चेहऱ्यावर नुकतंच आलेलं समाधानही पाहिलं. इकडे बाबा थोडे कमी होत चालले आहेत आणि माझी चिडचिड थोडी वाढत चालली आहे, बाकी ठीक.

मागच्या महिन्यात मी तुला कळवलं होतं, की माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्याचं ऑपरेशन आता टाळता येणार नाही, नंतर दहा दिवस वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही, तेव्हा तेवढे दहा दिवस बाबांपाशी येऊन राहा. त्यावर तुझं उत्तर आलं की डोळ्यांच्या तक्रारी बऱ्याचदा मनाच्या ताणातून येतात, आणि सोबत तुझ्या शिबिरातल्या चांगल्या सवयींची यादी आणि ते अ‍ॅप आलं. दर तासाला घंटा वाजते आणि एक बाई गोड आवाजात सांगते, की थांबा, या क्षणात हजर राहा. बाई भली वाटते. तिच्या घरी म्हातारं माणूस नसावं.

माझं काम तुला ठाऊक आहे (असावं, लोकांना तू सांगतोस की बहीण वैद्यकीय क्षेत्रात आहे). मी कवळ्या करते. दंतवैद्याकडून साचा येतो, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा. बाबांना एकटं सोडता येत नाही म्हणून मालकांनी हे काम घरी आणू दिलं आहे. तुझ्या यादीतली तिसरी सवय म्हणजे रोज आरशात बघून स्वतःशी हसणं. दादा, माझ्या टेबलावर रोज आठ माणसं हसत असतात, त्यात माझी भर कशाला? शिवाय परवा धूसर दिसल्यामुळे एका वकीलबाईंच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसला. पुन्हा असं झालं तर मला तुमच्याबद्दल वेगळा विचार करावा लागेल, असं मालक म्हणाले, आणि इतक्या शांतपणे म्हणाले की तुझं अ‍ॅप त्यांनाही मिळालं की काय अशी शंका आली.

पण खरं प्रकरण घंटेचं. बाबांनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं हे तू विसरलास, ते मात्र विसरलेले नाहीत (मुलीचं नाव विसरले, ते वेगळं). पहिली घंटा झाली तसे ते खुर्चीतून उठले, माझी मेणाची कांडी खडू म्हणून उचलली आणि पुढच्या तासाला निघाले. त्या दिवशी आठ तास झाले, मधली सुट्टी न घेता. स्वयंपाकघरात भूमिती, न्हाणीघरात बीजगणित, आणि मागे मागे मी, हातात कुणा अनोळखी माणसाची बत्तीशी. बुधवारी दार उघडं राहिलं आणि अकराच्या घंटेला ते थेट खालच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले. शिंप्याने मापाला आलेल्या तिघांना मुकाट्याने बाकावर बसवलं आणि बाबांनी त्यांना त्रैराशिक शिकवलं. एकाला उत्तर येईना, त्याला कोपऱ्यात उभं केलं, तर तो उभा राहिलाही. मी धावत खाली गेले तेव्हा जिन्याची शेवटची पायरी मला दिसलीच नाही. घोटा सुजला आहे (हेही मनाच्या ताणातूनच आलं असावं).

वर्तमानात जगावं, असं तू लिहितोस. या घरात वर्तमानात जगणारा माणूस एकच आहे. त्यांना काल नाही, उद्या नाही, मघाचा चहा आठवत नाही म्हणून ते दर वेळी तितक्याच ताज्या मनाने चहा मागतात. तुझ्या शिबिरात त्यांचा पहिला नंबर येईल. त्यांच्या त्या वर्तमानाला न्हाऊ घालणं, त्याचे कपडे बदलणं हे मात्र माझ्या वाट्याला आलं आहे, आणि दादा, मला तुझा राग येतो. हसत हसत लिहिलं तरी राग तो रागच. तुझी कृतज्ञतेची वहीसुद्धा मी सुरू केली होती. रोज कुणाचे तरी आभार मानायचे. तीन दिवस शिंपी, शिंपी, शिंपी असं लिहिलं आणि वही मिटली.

असो. तुझ्या मनःशांतीत खडा टाकायचा नाही, म्हणून तुझ्या येण्याबद्दल या पत्रात अवाक्षर काढत नाही. वहिनीला आणि तिच्या समाधानाला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. ते अ‍ॅप मी काढून टाकलं. पण घंटा झाली नाही की बाबा कासावीस होतात, म्हणून आता दर तासाला मीच वाटीवर चमचा वाजवते. त्या बाईचं वाक्य तेवढं म्हणत नाही.

आणखी एक ता. क. घंटा झाली की बाबा आधी हजेरी घेतात. त्यांच्या हजेरीपटात एकच नाव आहे, तुझं. ते दोनदा पुकारतात आणि दाराकडे बघत थांबतात. उत्तर आल्याशिवाय तास सुरू होत नाही, म्हणून दिवसातून आठ वेळा तुझ्या जागी मी 'हजर' म्हणते. येत्या बावीस तारखेला सकाळी माझं ऑपरेशन आहे. त्या दिवशी 'हजर' म्हणायला घरात कुणी नाही.