भोक नसलेलं मायफळ

प्रिय दिया,

भिंतीपलीकडच्या लेकीला पत्र लिहिणारी मी अख्ख्या दुबईत एकटीच असेन. पण समोर आले की तू ‘आई, प्लीज, नॉट नाऊ’ म्हणतेस आणि खोलीचं दार लावून घेतेस. म्हणून हे दाराखालून सरकवते आहे.

आज देराच्या मसाला बाजारात गेले होते, मसालेवाल्या उमरशी भांडायला. बाळगुटीसाठी त्याच्याकडून मायफळं आणली होती. सातव्या महिन्यात जन्मलेल्या तुझ्या बाळाला डॉक्टर गुटी देऊ देणार नाहीत, ठाऊक आहे मला. पण हातांना काहीतरी काम हवं होतं. घरी येऊन पाहते तर निम्म्यांना भोकं! किडका माल गळ्यात मारला म्हणून मी तावातावाने पिशवी त्याच्यापुढे आपटली. तो हसतच सुटला. म्हणाला, ‘मॅडम, छेद मतलब मेहमान निकल गया, खलास!’

त्याने पुढे सांगितलेलं खरं वाटेना, म्हणून घरी वाचत बसले. अगं, हे फळच नाही! ओकच्या कोंबात मुंगीएवढी गांधीलमाशी अंडं घालते, आणि झाड त्या पिल्लाभोवती घर बांधू लागतं. आत मऊ खाऊ, बाहेर इतकी तुरट भिंत की कोणी तोंड लावू नये. डोळ्यांना धड न दिसणारा जीव एवढ्या थोरल्या झाडाला कामाला लावतो! भोक नसलेलं एक मी खलबत्त्यात फोडलं. आत ती होती. पंख, मिशा, सगळं जागच्या जागी. फक्त बाहेर पडायची राहिलेली. माझ्या अंगावर काटा आला, आणि मग रडूच आलं.

तू पहिल्या दिवशी लेकीच्या अंगावरच्या त्या नळ्या पाहिल्यास आणि पुन्हा हॉस्पिटलकडे फिरकली नाहीस. जीव लावला आणि ती गेली तर, हेच ना? मलाही तीच भीती वाटते गं. तरी तू रात्री-अपरात्री उठून दूध काढतेस, तिचा बाबा नीरव ते घेऊन हॉस्पिटलात धावतो, नर्स मरियमबी थेंबाथेंबाने भरवते. किलोभरही नसलेल्या पोरीने आपल्या सगळ्यांना जुंपलंय, आणि ती वाढतेय.

आता खरं कारण. तुझा निळा टी-शर्ट हरवलेला नाही. मरियमबीने तुझा वास असलेला अंगावरचा कपडा मागितला, तेव्हा मी तो धुण्यातून चोरला. काचेच्या पेटीत तो ज्या बाजूला ठेवावा, त्या बाजूला ती मान वळवते. काल मी स्वतः पाहिलं. उद्या तिला पहिल्यांदा पेटीबाहेर काढून कोणाच्या तरी छातीशी ठेवणार आहेत. नीरव तयार आहे, मीही आहे. पण ती आम्हाला शोधत नाहीये.

तुझीच,
आई