भंडाऱ्यावरचा निकाल

शनिवार, ३ ऑगस्ट
आले एकदाची. निपाणीची बस सकाळी पोचली आणि नातू शंतनु रिक्षा घेऊन हजर. जे. पी. नगरात तिसऱ्या मजल्यावर घर. ऊन चांगलं येतं, गॅलरीत झोपाळा आहे, समोर बदामाचं झाड. नातसून सिद्धी पुण्याची. चहात साखर कमी, बोलण्यात इंग्रजी जास्त, पण पोर मायेची. मला अक्षर येत नाही, म्हणून तिने फोनचं एक बटण दाखवलं. दाबून बोललं की तो आपसूक लिहितो. पंच्याहत्तर वर्षं माझी पत्रं दुसऱ्यांनी वाचली. आता माझं लिहायला एक नोकर मिळाला. पगार नको, चहा नको. दूधवाला अज्जी म्हणाला, मी सरी म्हटलं, म्हणजे बरं. बंगळुरू जिंकलं.

रविवार, ४ ऑगस्ट
आज दुपारी यांचा खेळ पाहिला. तिशीतली माणसं. शंतनु, सिद्धी आणि हपिसातला दोस्त नागराज, जो येलहंक्याहून दीड तास रिक्षात बसून फासे टाकायला येतो. शंतनु गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. नागराज लढवय्या, प्रत्यक्षात त्याला लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही. सिद्धी जादूगारीण. कागदावर तिचं बळ, तिचं वय, तिचे मंत्र. वीस बाजूंचा फासा पडतो आणि राक्षस मरतो.
मरतो कसला. मरण्याआधी तासभर भांडण. मंत्र भिंतीपलीकडे लागतो का? झोपलेल्याला लागतो का? पुस्तक काढायचं, बोटं फिरवायची, आणि शेवटी शंतनु म्हणणार, असं धरलं तर बॅलन्स बिघडतो. म्हणजे एकच जण फार भारी होतो आणि खेळात राम राहत नाही. मी शेंगा सोलत ऐकत होते. आमच्या गल्लीत नळावर याहून कमी भांडणं होतात, आणि तिथे निदान पाणी तरी मिळतं.

रविवार, ११ ऑगस्ट
आज मला पंच केलं. नागराजच म्हणाला, अज्जींना पुस्तक वाचता येत नाही, त्यांना कुणाची बाजू नाही. मी म्हटलं, बसते, पण एका अटीवर. निकाल दिला की फिरवायचा नाही. तुमच्यासारखं दर आठवड्याला थुंकलेलं गिळणं माझ्याने होणार नाही. पिशवीत गावच्या जत्रेतला भंडारा होता. थट्टेनेच पुडी सोडली आणि तिघांना तो उचलून शपथ घ्यायला लावली. मीही घेतली. चौघांची बोटं पिवळी. हसून हसून पुरेवाट.
वाद सिद्धीच्या नव्या मंत्राचा होता. शंतनुने हपिसात छापून आणलेलं पान मराठीत सांगितलं. हा मंत्र जो उच्चारील त्याला इजा होणार नाही. ती इजा त्याच्या सर्वांत जवळच्या जिवाला होईल. पान संपलं.
नागराजने विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, पानावर मुदत आहे का? नाही. मग मुदत नाही. शंतनु कळवळला, बॅलन्स पार जाईल म्हणाला. जाऊ दे, म्हटलं. मग त्याने विचारलं, कोणाला इजा होणार नाही, जादूगारणीला ना? मी म्हटलं, मंत्र उच्चारला कुणी? कागदावरच्या बाईला तोंड कुठाय? सिद्धी बोलली, तर सिद्धीला. जे लिहिलंय ते लिहिलंय.
शिकलेल्या तिन्ही माणसांनी अडाणी बाईचा निकाल मानला, आणि सिद्धीने तिथेच मोठ्याने मंत्र म्हटला. फार बरं वाटलं.

सोमवार, १२ ऑगस्ट
सिद्धी कांदा चिरत होती. सुरी बोटावरून गेली, मी समोरच होते. बोटाला ओरखडा नाही. बाजूला शंतनु डबा भरत होता, त्याच्या बोटातून रक्ताची धार. सुरी त्याच्या आसपासही नव्हती. तो म्हणाला डब्याची कड लागली असेल. डबा प्लास्टिकचा, गोल. इंजिनियर आहे म्हणे.

बुधवार, १४ ऑगस्ट
कुकरची वाफ सिद्धीच्या हातावर आली. हात तसाच, गार. नागराज कसलासा कागद द्यायला आला होता, तिच्यामागे उभा. त्याच्या मनगटावर फोड. तो एकदम माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला तूप लावलं आणि चेष्टा केली. चेष्टा नीट झाली नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट
शंतनुला ताप. हाडं मोडल्यासारखी दुखतात म्हणतो. डॉक्टरांनी दोघांचं रक्त घेतलं, डासांचे दिवस आहेत म्हणून. शंतनुचं रक्त स्वच्छ. डेंगी सिद्धीच्या रक्तात. आणि सिद्धी दोन डोसे खाऊन फरशी पुसतेय. नावं बदलली असतील म्हणून पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. आता सलाईन कुणाला लावायचं, ते डॉक्टरांना सुचेना. चौदा वर्षं शिकलेले आहेत.

रविवार, १८ ऑगस्ट
शंतनुने पडल्या पडल्या आणखी एक पान दाखवलं. छापलेलं दुसरं पान, हपिसातच राहिलेलं, नागराजने आणलं. पहिल्याच ओळीत मुदत आहे. एक फेरी. म्हणजे जेमतेम सहा सेकंद. आणि मी जन्माची दिली.
भंडारा हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हटलं, निकाल चुकला, मागे घेते. सिद्धीने पिन बोटात खुपसून पाहिली.
रक्त शंतनुच्या बोटातून आलं.
फिरवायचा नाही, असं मीच म्हणाले होते. मोठी शहाणी.

मंगळवार, २० ऑगस्ट
शंतनुला नागराजबरोबर येलहंक्याला धाडला. जाईना. शिव्या घातल्या तेव्हा गेला. दुपारी फोन आला, ताप उतरला, भात खाल्ला.
सिद्धी म्हणते, मलाही एकटीला कुठेतरी ठेवा. एकटी कशी ठेवू? भिंतीपलीकडे, मजल्याखाली कोणी ना कोणी जवळचं असतंच. खाली बाळंतीण आहे. तिचं बाळ बारा दिवसांचं.
मग मीच. खाट तिच्या खाटेला लावली. मधे वीतभर.

बुधवार, २१ ऑगस्ट
ताप आला. गुडघ्यांपासून चढला. माझा शंतनु हे तीन दिवस सोसत होता आणि मला विनोद सांगत होता.
सिद्धी रडते. ठणठणीत आहे आणि रडते. मी म्हटलं रड, पण लांब जाऊ नकोस.

गुरुवार, २२ ऑगस्ट
तिच्या रक्तातलं ते — प्लेटलेट — फार खाली गेलंय. डॉक्टर म्हणतात उद्याचा दिवस अवघड. उद्या निभावला की संपलं. माझ्या हिरड्यांतून रक्त. दात नाहीत तेवढंच बरं, पडायची भीती नाही.
शंतनुला काही सांगायचं नाही, अशी ताकीद दिलीय. भंडाऱ्याची शपथ नाही घातली. त्याची आता —

शुक्रवार, २३ ऑगस्ट, सकाळ
बोलवत नाही. फोन उशाशी. दिसत नाही नीट. सिद्धीचा हात धरलाय. वीतभरच अंतर. दुपारपर्यंत —
निकाल माझा. फेडणार मी. यात वाद कसला.

दुपार
दार वाजलं. सिद्धीने फोन केला असणार. वेडी.
शंतनु आलाय. म्हटलं जा. आवाज निघेना. हातानेच — जा. हसतोय. म्हणाला, आजी, तुझा निकाल बरोबरच होता. पान मी विसरलो.
स्टूल ओढतोय. आमच्या मधे. नको रे, सोन्या, तिकडून — तिचा हात माझ्या हातातून सोडवून घेतला. अगदी चिकटून बसला. सिद्धी, ढकल त्याला, अगं ढकल —
घाम आला मला. गुडघे दुखायचे थांबले. नजर स्वच्छ. बदामाचं पान न् पान दिसतंय.
मला बरं वाटतंय. देवा, मला बरं वाट—