तुझं मलम मीच लावत हुते

सुप्रिया,

भाकरी टोपल्यात हायत, कालवण गरम करून घे. मामंजींनी इचारलं तर मी मळ्यात गेलेय म्हण.

तुझ्या कपाटातलं ते ॲझेलिक ॲसिडचं मलम महिनाभर मी चोरून लावतेय. उसात राबून गालावर वांगाचे डाग उठलेत, ते जातील वाटलं. थोडंसंच लावायचं असतं हे तुझ्याच तोंडनं ऐकलं हुतं, पण लवकर फरक पडावा म्हणून मी दिवसातनं चार-चार डाव चोपडलं. आधी नुसती आग व्हायची. आज आरशात बघितलं तर हनुवटीपाशी पांढरा डाग! माझ्या थोरल्या बहिणीला असाच डाग आला, तर कोड म्हणून नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. ती परत सासरी गेलीच न्हाय.

"तोंडाला ॲसिड फासती," असं तुला चारचौघींत बोलले, ते मनात धरू नको.

बारामतीला चामडीच्या डॉक्टरकडं निघालेय, पण एकटीनं आत जायचं धाडस न्हाय. अंथुर्ण्याच्या थांब्यावर बसते. एसटी आली तरी तू आल्याबिगर चढायची न्हाय.

लवकर ये गं.

तुझी सासू