पाचटातला जाहक

१२ एप्रिल, शनि.
ऊस एकदाचा कारखान्याला गेला. रानात नुसतं पाचट, उसाचा वाळका पाला. विहिरीकडच्या कोपऱ्यात त्याचा ढीग, आतून फुसफुस ऐकू आली. साप म्हणून मागे सरले, तर काट्यांचा चेंडू! मोठ्या मोसंबीएवढा. त्याच्याखाली दोन पिल्लं, गुलाबी, पांढऱ्या मऊ काट्यांची. हात लावला नाही. पाचट परत ओढून घातलं.
हे म्हणाले, "सायाळीचं पिलू हाय. भुईमूग उकरून खातंय. हाण काठी."
म्हटलं, तिलाच पिल्लं आहेत, मग ती पिलू कशी?

१३ एप्रिल, रवि.
सासूबाईंच्या कानावर गेलं. "साळिंदराचा काटा घरात आला की भांडनं लागतेत. कावून आणलास गं?" आणलंय कुठं? रानात आहे. तरी जेवताना ह्यांचं नि माझं जुंपलंच. शुक्रवारी कालव्याचं पाणी येतंय, त्याआधी पाचट पेटवायचं म्हणतात. मी म्हटलं, कुजू द्या, खत होईल. तर म्हणे पाचटानं पाणी अडतं, पुढं सरकत नाही.
सा. बाई भाकरी मोडत, "मी म्हनलं न्हाई का?"

१५ एप्रिल, मंगळ.
भाचीला फोटो पाठवला होता. प्राणिशास्त्र शिकते ती. फोनवर म्हणाली, मामी, हा जाहक. साळिंदर वेगळं, त्याचे काटे गळतात, ह्याचे अंगालाच राहतात. किडे खातो. पिल्लं हलवू नकोस, आई टाकून जाईल.
सा. बाईंना सांगितलं, ह्याचा काटा गळतच नाही, घरात येईल कसा?
"मंग परवा भांडन कशानं झालं?"


१६ एप्रिल, बुध.
दिवेलागणीला ह्यांना ओढतच ढिगापाशी नेलं. विडी विझवायला लावली. आई बाहेर आली, नाक हलवत, आणि हुमणीचा भुंगा धरून कडाकडा चावला. गेल्या साली ह्याच भुंग्यांच्या अळ्यांनी मुळं खाऊन आमचा अर्धा ऊस वाळवला. हे बघतच राहिले.
"एका भुंग्यानं काय हुतंय," एवढंच. पण घराशी आल्यावर चप्पल काढता काढता, "तेवढा कोपरा ठिवू."
मला फार आनंद झाला. बोलून दाखवला नाही, नाहीतर फिरायचे.

१७ एप्रिल, गुरु.
शेजारच्या रानात भाऊजींनी, ह्यांच्या चुलतभावानं, पाचट पेटवलं. भर दुपारी, असल्या वाऱ्यात! आग बांध ओलांडून आमच्यात. हे ताटावरून उठून पळाले, लिंबाच्या फांदीनं झोडपत राहिले. मी घागरी ओतत होते. बाकी रान गेलं, ते जाळायचंच होतं म्हणा. ढीग राहिला, एका अंगानं काळा पडून. धूर आत गेला असेल का?
ह्यांच्या तळहाताला हे मोठे फोड. भाऊजी वर तोंड करून म्हणतात, "उंदरापायी हात भाजून घेतलास व्हय बे?" उत्तर दिलं सा. बाईंनी. कोरफड लावता लावता भाऊजींच्या सात पिढ्या काढल्या, त्यात आपलाच दीर येतो हे विसरून.

१८ एप्रिल, शुक्र.
पाणी आलं. हे फडकं बांधल्या हातानं दारं धरायला, पाणी सऱ्यांत वळवायला गेले. संध्याकाळी मी ढिगाकडे बसले. काही नाही. एक घूस गेली फक्त.

२० एप्रिल, रवि.
आगीपासून आई दिसलेली नाही. भाची म्हणते, पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे गेली असेल. असेल. कुत्र्याचंही मनात येतं.
कोपऱ्यातल्या सऱ्या कोरड्याच. ह्यांनी मातीचा बांध घालून पाणी बाजूनं वळवलंय. खोडवा, कापल्या उसाचा नवा फुटवा, वाळेल म्हटलं तर, "चार सऱ्या वाळल्या तर वाळल्या. ढीग भिजला न्हाई पायजे."
मग हाताचं फडकं आवळत, "पाचट उचलून बघितलंस का?"
नाही म्हटलं.
"बघू नगस."
खरंच नाही बघितलं. पण हात लई शिवशिवतात.