कवडीचे पाय

सोमवार, ९ मार्च १९३१. उत्रोली

मानमोडी आली! शेजारच्या ठकुबाईच्या सगळ्या कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. मान पिळवटते, हिरवं हगतात, की खलास. आमची पांढरी सकाळी उठलीच नाही. नुकत्या अंड्याला आलेल्या दोन तलंगा दुपारी गेल्या. लसूण-हळद चारली, काही उपयोग नाही. परसात पुरताना रडू आलं. पोरींसारख्या वाढवल्या होत्या मी.

उरली एकटी कवडी — सासूबाईंची. सात वर्षांची म्हातारी. दिवाळीपासून अंडं नाही, तुरा फिका पडलाय, पायांवर खवले धरलेत. आणि तिलाच काही होत नाही! सासूबाई रोज करंजेल कोमट करतात, आधी तिच्या पायांना चोळतात, उरलं तर स्वतःच्या गुडघ्यांना. मी वैतागून म्हटलं, रश्शात तरी घालू तिला. त्यांनी लगेच तिला उचलून डालग्यात, तिच्या टोपलीत, ठेवलं.

मंगळवार, १० मार्च

गेनबा पाटील सकाळीच दारात. गावानं ठरवलंय — मरीआईच्या नावानं एक धडधाकट कोंबडी हळदकुंकू लावून शिवेबाहेर सोडायची. कोंबड्यांची ही मर तिच्याबरोबर जाईल म्हणे. आता अख्ख्या गावात धडधाकट उरलंय कोण? कवडी!

ह्यांनी लगेच मान डोलावली. आईला विचारायचं तरी! आणि काल रश्शात घालू म्हणणारी मी — मलाच इतका राग आला की तवा आपटला. सात वर्षं अंडी दिली, पिल्लं काढली, आता गावाची पीडाही तिनंच न्यायची?

सासूबाई भांडल्या नाहीत. डालग्यातून स्वतः काढून ह्यांच्या हातात दिली. "पाय दुखत्यात तिचं. हळू धर," एवढंच.

ओढ्यापलीकडच्या माळावर सोडली. परतताना मागं वळून बघायचं नसतं. वाळल्या गवतात खुसखुस ऐकू येत होती, म्हणाले. बराच वेळ मागं मागं येत होती. मग थांबली. हे सांगताना ह्यांचा चेहराही बघवत नव्हता.

सासूबाई जेवल्या नाहीत.

बुधवार, ११ मार्च

हरभरा काढायला सगळं गाव रानात. सासूबाई तेवढ्या घरी. त्या कुठं येणार? दिवाळीपासून परसाच्या पुढं पाऊल नाही, भिंत धरून चालतात.

दिवेलागणीला आलो तर डालग्यात कवडी! अंगावर हळद तशीच!

मी आधी हसले. मग डालगं झाकायला धावले. ठकुबाईनं बघितलं, आणि घटकाभरात गाव अंगणात. आजवर शिवेवरचं कोंबडं कधी माघारी आलेलं नाही. मर घेऊन आली असली तर? गेनबांचा आवाज चढला होता.

"माणसानं आणली असंल, तर त्या घराला वाळीत टाकायचं."

माझ्याकडेच रोखून बघत होते! मी रानात होते, सगळ्या बायकांनी सांगितलं. हेही रानातच. सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही.

निकाल शुक्रवारी. तोवर गावात काही झालं तर आमचं काही खरं नाही.

गुरुवार, १२ मार्च

दहादा डालग्यापाशी जाऊन आले. मान सरळ आहे. दाणे टिपते आहे.

शुक्रवार, १३ मार्च

एकही कोंबडी मेली नाही. मरायला उरल्यात कुठं — पण हे फक्त इथं लिहिते. गेनबांनी निकाल दिला: देवीनंच माघारी धाडली. आता तिच्यावर सुरी चालवायची न्हाई, मरेपर्यंत पोसायची. ठकुबाई तांदूळ टाकून पाया पडून गेली! कवडीच्या, बरं का! मी पदरात तोंड घालून हसले. सुटलो बाई.

सासूबाई दोन भाकरी जेवल्या.

शनिवार, १४ मार्च

धुणं काढताना सासूबाईंचं बुधवारचं लुगडं सापडलं, गाठोड्याच्या तळाशी कोंबलेलं. गुडघ्यापर्यंत कुसळंच कुसळं. ओढ्यापलीकडच्या माळावरची. पदराला हळद.

कुसळं एकेक उपटून चुलीत घातली. संध्याकाळी करंजेल मीच कोमट केलं. त्यांचे पाय सुजून टम्म झालेत.

"आधी तिला," म्हणाल्या.

मी आधी त्यांना लावलं.